रायभान वस्तादाचा हंगाम

कार्तिक सरत आला की आमच्या अमरावतीच्या हवेत कापूस तरंगायला लागतो. बाजाराकडे जाणाऱ्या बैलांच्या बंड्यांतून तो सुटतो, बाभळीच्या काट्यांना अडकतो, विहिरीच्या पाण्यावर येऊन बसतो. मी शेवंतीचे हार गुंफत असते, आणि सुई ओढताना फुलाबरोबर एखादा पांढरा तंतू आत ओढला जातो. माझी सून तो चिमटीत धरते, फुंकर मारते आणि पुढलं फूल घेते. माझा हात मात्र थांबतो. सासरे गेले, सासूबाई गेल्या, माझं अर्धं तोंड बोळकं झालं, तरी हवेत पहिला कापूस दिसला की मी सुई फुलात तशीच सोडते.

परवा बाजारात हार विकायला बसले होते. पलीकडे दोन-चार जण पानं खात उभे होते. कुठल्याशा आखाड्याच्या वस्तादाबद्दल बोलणं चाललं होतं. त्याचे पैलवान म्हणे या हंगामात कुठेच टिकले नाहीत. "त्याचं आता काई खरं नाई," एकजण म्हणाला, आणि बाकीचे हसले. वाईट हसणं नव्हतं ते. पोटभर जेवलेल्या माणसांचं असतं तसं होतं. मी उरलेली फुलं टोपलीत भरली आणि ऊन डोक्यावर यायच्या आत घरी निघून आले. सून म्हणाली, "आत्याबाई, कावून आल्या लवकर? बरं वाटत नाई काय?" तिला काय सांगणार! तिचा जन्मही नव्हता तेव्हा.

मी या घरात नवी होते तेव्हा कापसाला जो भाव चढला तसा पुन्हा कधी चढला नाही. कुठल्या तरी लांबच्या मुलखात एकाच देशाची माणसं आपसात लढत होती, म्हणून तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता आणि आमच्या पराटीला, कापसाच्या पिकाला, मोल आलं होतं, इतकंच आम्हाला कळलेलं. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. ज्यांच्या घरी पाहुण्याला द्यायला धड तांब्या नसे, त्यांच्या अंगणात घंगाळं चकाकायला लागली. ज्वारीची वावरं मोडून माणसं पराटी लावत सुटली. आमचं माळ्याचं घर, पिढ्यान्‌पिढ्या फुलं आणि भाजी करणारं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अर्धा फुलमळा मोडला. उपटलेल्या झेंडूचा ढीग बांधावर कितीतरी दिवस कुजत होता. त्याचा गोडसर, जड वास घरापर्यंत यायचा. आत्याबाई, माझ्या सासूबाई, तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "सगळ्याईनं कापूसच पेरला तर खाचं काय? कापूस शिजवाचा काय चुलीवर?" मामंजी हसायचे. तेव्हा सगळेच हसायचे.

आमचं घर गावाच्या तटाच्या, परकोटाच्या आत, आखाड्याच्या भिंतीला लागून. पहाटे जाग यायची ती जोर मारणाऱ्यांच्या श्वासांनी. मामंजींचा जीव त्या आखाड्यात गुंतलेला, कारण त्यांचा धाकटा मुलगा, माझा दीर दौलत, तिथला सगळ्यात चांगला पैलवान होता. मी अंजनगावची, पानमळ्याच्या गारव्यात वाढलेली. या तापल्या गल्लीत आले तेव्हा पहिले काही महिने मी नुसती रडायची. मला पहिल्यांदा हसवलं ते दौलतनं. भाकरी थापताना माझी एक भाकरी वाकडी झाली, तर ती कानाला लावून तो म्हणाला, "वैनी, ही तर आमच्या वस्तादाच्या कानासारखी झाली." पैलवानांचे कान असेच असतात, मातीत घासून घासून मोडलेले, गाठी आलेले. हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळ झाली की आमच्या ओट्यावर आखाड्याची माणसं जमायची. कुणी कापसाचा दलाल, कुणी सरकी काढणारा, कुणी नुसताच रिकामा. त्यांत सगळ्यात मोठा आवाज गुणाजी गाडीवानाचा. अकोल्यापासून मोर्शीपर्यंत त्याची बंडी फिरायची, त्यामुळे बातम्या त्याच्याजवळच असत. आणि त्या हंगामात बातमी एकच होती. अकोल्याचा आखाडा पडत चालला होता.

अकोल्याच्या आखाड्याशी आमचं जुनं वैर. तिथल्या एका शेठनं कापसावर माया जमवली होती आणि आखाडा आपल्या पदराखाली घेतला होता. दूध, तूप, बदाम, सगळं पुरवत होता. तरीही त्यांचे पैलवान दंगलीमागून दंगल हरत होते. त्यांचा वस्ताद होता रायभान. या रायभानला ओट्यावरच्या कुणीच जवळून पाहिलं नव्हतं, पण त्याच्याबद्दल बोलताना असं बोलत जसा काही तो आमच्याच गल्लीत राहतो.

"आयकलं काय? मोर्शीच्या दंगलीत अकोल्याचे सारेच पडले म्हने."

"मंग? रायभान शिकवते का झोपा काढते?"

"त्याचे डाव जुने झाले बाप्पा. आता थे कोनाले लागते?"

"शेठनं एवढे बदाम चारले, अन् पैलवान पाठीवर! बदाम पाठीलेच लागले वाटते."

मग गुणाजी दोन्ही हात जोडून आभाळाकडे पाहायचा. "अरे, कोनी त्याच्याबद्दल वाईट बोलू नका. रायभानले देव गंज आयुष्य देवो. तो तिथं हाय तवर आपल्याले काय्जी नाई!"

ओटा हसून हलायचा. दाराआड फुलं निवडता निवडता मीही हसायची. शेठ त्याला कधी काढेल, काढल्यावर तो कुठे जाईल, त्याच्या जागी कोण येईल, यावर रोज नवी बोलणी. त्याचं जेवण, त्याची चाल, त्याचं वय, सगळ्यावर. एका माणसाच्या पडण्याची इतकी माणसं इतक्या आनंदानं वाट पाहतात, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. कुणाचंच त्याच्याशी भांडण नव्हतं. त्यानं कुणाचं काही घेतलं नव्हतं. आणि बोलणाऱ्यांच्या अंगाखांद्यावर, पागोट्यांवर, भुवयांवर दिवसभराचा कापूस बसलेला असायचा. दिव्याच्या उजेडात ती सगळी माणसं अचानक म्हातारी झाल्यासारखी दिसायची.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी आमच्या दारात एक बंडी थांबली. उतरला तो माणूस उंच, पन्नाशीकडे झुकलेला, अंगानं रुंद पण खचत चाललेल्या भिंतीसारखा. ओट्यावर मामंजी, गुणाजी आणि अजून काहीजण बसले होते. त्यानं पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन गेले. तो ओंजळीनं पाणी प्याला, मग पागोटं काढून उरलेलं पाणी तोंडावर मारलं. तेव्हा मला त्याचे कान दिसले. दोन्ही कान सुकलेल्या आल्याच्या गड्ड्यांसारखे.

"कोन्या गावचे पावने?" मामंजींनी विचारलं.

"मोर्णेकाठचा. अकोल्याकडचा."

गुणाजी लगेच सरसावून बसला. "असं? मंग खरं सांगा. तुमच्या त्या रायभानले शेठ कवा काढते?"

मी रिकामा तांब्या उचलला. मी आत आले आणि आत्याबाईंना म्हणाले, "बाहेरचा पावना पैलवान हाय. कान पाहा त्याचे. अन् हे लोक काय बोलून राहिले!" आत्याबाई दाराच्या फटीशी आल्या. त्यांनी नुसतं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "गुणाजीले कोनी तरी गप करा गं बाई." पण गुणाजीला गप करणारं माणूस घरात नव्हतं. आणि सुनेनं बाहेर जाऊन पुरुषांत बोलायची रीत नव्हती.

पाहुणा ओट्याच्या कडेला बसला. "काढीन शेठ लवकरच," तो म्हणाला.

"आमी तर म्हनतो, काढूच नये!" गुणाजी म्हणाला, आणि सगळे हसले. पाहुणाही थोडा हसला.

"हारते खरं तो," पाहुणा म्हणाला.

"पन कावून हारते? तुमी तिकडचेच, तुमाले म्हाईत असन."

पाहुण्यानं पागोटं मांडीवर ठेवलं. "त्याच्याजवळ पैलवान उरले नाईत. शेठनं आखाडा घेतला तवा पोट्टे लय खूष झाले. दूध, बदाम, जरीचे फेटे. मंग शेठ म्हने, सकायी जोर मारता, दिवसभर रिकामे राहता, माह्या कापसाच्या बंड्यासंग चला. गेले. मंग म्हने, अमक्या कुनब्याच्या दारात नुसते उभे राहा, म्हंजे तो कापूस दुसऱ्याले देनार नाई. उभे राह्यले. आता त्याईले उभं राहाचीच सवय लागली. कुस्तीच्या हौदात कोनी येत नाई. अन् ज्याचं हाड दुखते त्याले वस्ताद उतरवत नाई. मंग उतरते कोन? कालचे शिकाऊ. थे पडतेच."

कुणी हसलं नाही. गुणाजी म्हणाला, "तुमाले गंज म्हाईत हाय, बावा."

"मले म्हाईत राहीनच. मीच रायभान."

बैलानं मान हलवली, गळ्यातली घंटी वाजली. गुणाजीनं आपल्या पायांच्या बोटांकडे पाहिलं. रायभान त्याच्यावर रागावला नव्हता. त्यानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो मामंजींकडे वळला.

"मी हे आयकाले नाई आलो. दौलतच्या बापाले भेटाले आलो. शेठ तुमच्या पोराले अकोल्याले नेनार हाय. त्याचा मानूस येईन तुमच्याकडे, नाई तर येऊन गेला असन. देऊ नका पोरगं."

मामंजींच्या चेहऱ्यावरूनच सगळ्यांना कळलं की शेठचा माणूस येऊन गेला होता. ओट्यावरची माणसं त्यांच्याकडे पाहायला लागली. आपला दौलत? अकोल्याला? मामंजींचा आवाज चढला. "तुमची गादी जाईन म्हून भेव वाटते काय, वस्ताद?"

"माही गादी गेल्यासारखीच हाय. मी तुमच्या पोराले मोर्शीले पाह्यलं. हात चांगला हाय. पन डावा खांदा दुखते त्याचा, तो दाखवत नाई. त्याले आराम पायजे. शेठ आराम देत नसते." एवढं बोलून त्यानं पागोटं बांधलं, आमच्या दाराकडे पाहून हात जोडले आणि बंडीत चढला.

बंडी वळणाआड गेली. मग गुणाजीनंच कोंडी फोडली. "पाह्यलं? दौलतले भेऊन आला! अकोल्याहून इथवर!" आणि सगळ्यांना एकदम मोकळं झाल्यासारखं वाटलं. हसू परत आलं. पहिल्यापेक्षा मोठं आलं. त्या माणसानं जे सांगितलं ते त्या हशात असं बुडालं की संध्याकाळपर्यंत कुणाला आठवलंही नसेल.

दौलत माडीवर होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. खाली येऊन मला म्हणाला, "वैनी, अकोल्याचा वस्ताद मले भेऊन आला, समजलं का?"

"भाऊजी, तो भेलेला नव्हता. मी जवळून पाह्यला."

"मंग कसा होता?"

"थकलेला."

त्यानं खांदे उडवले. उजवा वर गेला. डावा अर्ध्यावरच राहिला. मी पाहिलं, आणि मी पाहिलेलं त्यानंही पाहिलं. "वैनी, आईले सांगू नका," तो म्हणाला. मी त्याच दिवशी आत्याबाईंना सांगितलं. आत्याबाईंनी मामंजींना सांगितलं. मामंजी म्हणाले, "पैलवानाचं अंग दुखनारच." आणि दौलत अकोल्याला गेला.

तो गेला त्या दिवसापासून ओटा बदलला. ज्या माणसांनी त्याला खांद्यावरून मिरवलं होतं, ती त्याचं नाव निघालं की थुंकायला उठायची. मामंजी बसलेले असले की बोलणं हळू, मामंजी उठले की मोठं. पण रायभानचा विषय तेवढा सुटला नाही. "आता दौलत गेला तरी काय होनार? शिकवनारा तोच!" आता त्याच्या पडण्याबरोबर दौलतचंही पडणं त्यांना हवं होतं. तसं कुणी बोलून दाखवत नव्हतं. मी मात्र आत बसून पाकळ्या निवडत ते ऐकत होते.

संक्रांतीला दौलत घरी आला. अंगावर जरीचा फेटा, हातात सोन्याचं कडं. आईसाठीही एक कडं आणलं होतं. आत्याबाईंनी ते हातात घेतलं, पाहिलं आणि फडताळात ठेवून दिलं, घातलं नाही. मग तो जेवायला बसला. मी विचारलं, "कुस्ती कशी चालली?"

"सकायी वस्ताद एकटेच हौद खनते. मी गावात असलो तर मी जातो. दुसरं कोनी नाई येत."

"गावात असलो तर, म्हंजे?"

"बंड्यासंग जा लागते ना." तो भाकरी मोडत राहिला. मग खाली पाहूनच म्हणाला, "परवा एका बुड्याच्या दारात उभा होतो. आतून त्याची बायको पायत होती. मायसारखीच दिसे."

"काय केलं तुमी?"

"काई नाई केलं. नुसता उभा होतो."

हात धुवायला उठला तेव्हा त्यानं पाण्याचा गुंड डाव्या हातानं उचलायला घेतला आणि मधेच उजव्यानं धरला. "वस्ताद तेल लावून देते रोज," तो म्हणाला. "म्हनते, या हंगामात उतरू नको. शेठ म्हनते, उतर." मग हसला. पण त्या हसण्यात त्याचं अंग नव्हतं. तो हसायचा तेव्हा पोटापासून हलायचा. त्या दिवशी फक्त ओठ हलले.

माघातल्या जत्रेत अकोला आणि अमरावती समोरासमोर येणार होते. नदीच्या वाळूत हौद खणला होता. मी, आत्याबाई आणि आमचे हे हार विकायला गेलो होतो. बाया हौदापासून लांब, बंड्यांवर बसून पाहत. आमच्या गल्लीतली झाडून सगळी माणसं आली होती. आभाळ ढगाळ नव्हतं, पण ऊनही नीट पडत नव्हतं. वाटेवरच्या बंड्यांची धूळ आणि कापूस मिसळून सगळीकडे एक मळकट पांढरेपणा आला होता. हौदातल्या तांबड्या मातीवरही कापूस येऊन पडत होता आणि एक माणूस सारखा तो वेचून काढत होता.

अकोल्याचे पैलवान पडत गेले. प्रत्येक पडण्याबरोबर आमच्या बाजूनं आरडाओरडा. "ठेवा रे रायभानले! काढू नका!" "वस्ताद, घरी जा, नातू खेळवा!" रायभान हौदाच्या कडेला हात बांधून उभा होता. दगडासारखा नव्हता. प्रत्येक हाकेला त्याची मान किंचित हलत होती, म्हणजे त्याला सगळं ऐकू येत होतं.

मग शेवटची जोड पुकारली. अकोल्याकडून दौलत, आमच्याकडून उकंड्या. हे दोघं लहानपणापासून एकाच मातीत लोळलेले. रायभान पंचांपाशी गेला आणि हात हलवून काही बोलला. लोकांत बातमी पसरली की वस्ताद म्हणतो, दौलत उतरणार नाही. आमच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या. कापडी चांदव्याखाली बसलेल्या शेठनं रायभानला बोलावून घेतलं. काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. दिसलं ते एवढंच, की शेठनं हात पुढे केला आणि रायभाननं डोक्यावरचा वस्तादकीचा फेटा काढून त्याच्यासमोरच्या गादीवर ठेवला.

सबंध हंगामभर ज्याची वाट पाहिली, ते लोकांच्या डोळ्यांसमोर घडलं. जो आवाज उठला तसा मी पुन्हा ऐकला नाही. लोक उड्या मारत होते. एकमेकांच्या पाठी थोपटत होते. आत्याबाईंनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की बांगडी रुतली.

त्या आवाजातच दौलत हौदात उतरला. त्यानं मागे वळून उघड्या डोक्याच्या वस्तादाकडे एकदा पाहिलं. रायभाननं नाही म्हणून मान हलवली. मग दौलतनं शेठकडे पाहिलं, आणि शड्डू ठोकला. एकाच हातानं.

उकंड्यानं त्याला फार वेळ फिरवलं नाही. त्याचा पाय ओढून पट काढायला वाकला, दौलतनं डाव्या हातावर भार घेतला, आणि तो हात वाळक्या फांदीसारखा मोडला. दौलत मानेवर पडला. उकंड्या हात वर करून आमच्याकडे धावत आला, लोकांनी त्याला उचललं. मग त्यानंच मागे पाहिलं. दौलत उठत नव्हता. डोळे उघडे होते.

चार माणसं त्याला उचलायला वाकली. तेवढ्यात रायभान त्यांना ढकलत हौदात शिरला, गुडघ्यांवर पडला आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून ओरडला, "हात लावू नका! कोनीच हात लावू नका त्याले!" त्या माणसाचा आवाज इतका मोठा असेल असं वाटलं नव्हतं. मामंजी धावत आले, तर त्यांनाही त्यानं हात लावू दिला नाही. कुणीतरी गावातून दाराची फळी आणेपर्यंत तो तसाच बसून राहिला. उघडं डोकं, त्यावर कापसाचे तंतू. हळूहळू लोक जिलेबीच्या दुकानांकडे पांगले. शेठच्या माणसांनी चांदवा सोडायला घेतला.

फळीवर निजवून दौलतला बंडीतून घरी आणलं. रायभान वाटभर बंडीत त्याच्या उशाशी, डोकं धरून. दौलत वाचला. पाय चालू लागले, उजवा हात चालू लागला. डावा गेला तो गेलाच. सगळे म्हणाले, वस्तादानं डोकं धरलं म्हणून जगला. तेच सगळे, ज्यांनी त्याला नातू खेळवायला घरी जा म्हटलं होतं. गुणाजी रोज सकाळी गाईच्या दुधाचा तांब्या आणून दारात ठेवायचा आणि निघून जायचा. आत्याबाई तो तांब्या उचलून घ्यायच्या.

ऊन तापायला लागलं तशी बातमी आली की तिकडच्या मुलखातली लढाई संपली. कापसाचा भाव पडला. ज्यानं ज्यानं साठवला होता, त्याच्या घरात तो पडून राहिला. अकोल्याच्या शेठच्या दाराला कुलूप लागलं आणि ज्या पोरांना उभं राहायची सवय लागली होती, ती रिकामी फिरायला लागली. काही पेंढाऱ्यांसारखी वाटा अडवायला लागली म्हणे. ज्वारी मिळेना. मामंजींनी पराटी उपटून पुन्हा झेंडू लावला, पण फुलं घ्यायला येतं कोण?

त्या उन्हाळ्यात अकोला सोडून इकडेच राहिलेला रायभान दर बाजाराला तेलाची बाटली घेऊन यायचा आणि दौलतचा हात चोळत बसायचा. श्रावणात एकदा चोळून झाल्यावर तो दाराकडे तोंड करून म्हणाला, "बाई, हात येनार नाई. मले आधीच कळलं होतं. मी उगाच येत होतो."

आत्याबाई घरातल्या घरात रडल्या. मग तोंड धुऊन बाहेर आल्या, पहिल्यांदाच ओट्यावर पुरुषांत, आणि म्हणाल्या, "मंग जेवाले येत जा." तो दसऱ्यापर्यंत जेवायला येत राहिला. पुढे आला नाही. कुणी म्हणे बडनेऱ्याकडे आगगाडीच्या वाटेवर माती टाकायला गेला, कुणी म्हणे खानदेशात गेला. आम्ही पुष्कळ विचारलं. खरं काय ते कळलं नाही.

पुढच्या माघात जत्रा पुन्हा भरली. अकोल्याच्या आखाड्याला नवा वस्ताद मिळाला होता, कुठून तरी आणलेला, तरणा. माझी हारांची टोपली भरत होती तेव्हा दौलत येऊन उभा राहिला. डावा हात फेट्याच्या कापडानं गळ्यात बांधलेला.

"वैनी, मले नेता काय जत्रेले?"

"कशाले जाता भाऊजी? जीवाले त्रास."

"मी पडलो तवा मले फक्त आभाय दिसत होतं," तो म्हणाला. "आवाज येत होता, पन लोक दिसत नव्हते. मले पाहाचे हायेत."

मला ते नीट कळलं नाही. पण त्याच्या आवाजात असं काही होतं की मी नाही म्हणू शकले नाही.

तो गर्दीतून वाट काढत थेट हौदाच्या कडेशी गेला. मी टोपली आत्याबाईंजवळ ठेवून त्याच्या मागे. कुस्त्या सुरू झाल्या, डफडं वाजायला लागलं. दौलत हौदाकडे पाठ करून उभा राहिला आणि लोकांकडे पाहायला लागला. लोकांना आधी समजेना. कुणी म्हणालं, "अबे, तिकडं पाय!" मग ते त्याला विसरले, कारण अकोल्याचा पैलवान डगमगायला लागला होता आणि नव्या वस्तादाच्या नावानं हाका सुरू झाल्या होत्या. "ठेवा रे याले! काढू नका!"

मीही त्याच्या शेजारी उभी राहून लोकांकडे पाहिलं. हौदाकडे पाहताना ते चेहरे मला कधी दिसलेच नव्हते. सगळी तोंडं उघडी. सगळे डोळे एकाच जागी. ओळखीची माणसं, आमच्या विहिरीवर पाणी भरणारी, आमच्या दुःखात येऊन बसलेली. उकंड्या होता. आमचे हे होते. आणि दुसऱ्या रांगेत मामंजी होते. त्यांची मान मागे गेली होती, ते त्या तरण्या वस्तादाला काहीतरी ओरडून सांगत होते आणि पोट धरून हसत होते.

दौलत त्यांच्याकडे पाहत होता. रागानं नाही. समोरचा पहिला डाव कुठला टाकणार हे ओळखायला पैलवान पाहतो, तसा. पाहता पाहता मामंजींची नजर खाली आली आणि मुलावर पडली. हसू तोंडावरच राहिलं, मागे घ्यायचं कसं ते त्यांना कळेना. आमच्या पाठीमागे हौदात कुणीतरी धप्पकन पडलं. सगळी गर्दी ओरडून उठली.

दौलत वळला नाही.